किडनीच्या यंत्रावर कुणाचा हक्क? सिएटलच्या समितीपासून आपल्या वस्तीपर्यंत

'किडनी फेल झाली' हे आपल्या वस्त्यांमध्ये बहुतेक वेळा अचानकच कळतं. पायाला सूज आली, दम लागतो, उलट्या थांबत नाहीत म्हणून माणूस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो. सलाईन लागतं, इंजेक्शन होतं. आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी रक्त तपासायला सांगतं आणि रिपोर्टवर क्रिएटिनिन दहा, बारा असा आकडा येतो. घरच्यांना त्या आकड्याचा अर्थ कळत नाही आणि सांगणारा घाईत असतो. 'नेफ्रॉलॉजिस्टला दाखवा' एवढं लिहिलेली चिठ्ठी हातात पडते. पुढचा सगळा प्रवास त्या चिठ्ठीचा असतो. हा नेफ्रॉलॉजिस्ट कुठे बसतो, तिथवर जायला किती पैसे लागतात, गेलं तर आज भेटेल का, आणि भेटला तरी यंत्रावर जागा आहे का?

समाजकार्यात असल्यामुळे अशा चिठ्ठ्या घेऊन आलेली कुटुंबं मला नेहमी भेटतात. कुठली योजना, कुठला अर्ज, कुणाची सही, हे आपल्यातले अनेक कार्यकर्ते धावपळ करून शिकले आहेत. त्याबद्दल शेवटी थोडं लिहिणार आहे. पण मला आज त्याच्या मागचा प्रश्न मांडायचा आहे. जीव वाचवणारी यंत्रं थोडी आणि मरायला टेकलेली माणसं जास्त असतात, तेव्हा कुणाला वाचवायचं हे कोण ठरवतं आणि कशावरून ठरवतं? या प्रश्नाचा लेखी इतिहास उपलब्ध आहे. तो अमेरिकेतला आहे, पण जात समजलेल्या माणसाने तो वाचला तर त्याला पानोपानी ओळखीचे चेहरे दिसतील.

सुरुवात युरोपातली आहे. १९३८ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरच्या वॉर्डात शेतकरी कुटुंबातला बावीस वर्षांचा एक तरुण किडनी निकामी होऊन मेला. कोल्फला काहीही करता आलं नाही. रोज थोडी युरिया रक्तातून बाहेर काढता आली असती तर हा पोरगा जगला असता, हा विचार त्याच्या डोक्यात बसला. दुसरं महायुद्ध सुरू झालं, जर्मनांनी देश ताब्यात घेतला, कोल्फ काम्पेन या लहान गावातल्या इस्पितळात गेला आणि तिथे मिळेल त्या सामानातून त्याने यंत्र उभं केलं. मांस भरण्यासाठी वापरायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपावर गुंडाळल्या, पिंप मिठाच्या पाण्याच्या टाकीत फिरवलं, मोटारगाडीच्या पंपाची कल्पना उसनी घेतली. १९४३ पासून त्याने रुग्णांवर ते वापरलं. पहिले पंधरा-सोळा रुग्ण जवळपास सगळे दगावले. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. ही बाई नाझींच्या बाजूची म्हणून युद्धानंतर तुरुंगात टाकलेली होती आणि गावाचा तिच्यावर राग होता. कोल्फने तिच्यावर उपचार केले. ती पुढे काही वर्षं जगली.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. कृत्रिम किडनीने वाचलेला पहिला जीव समाजाने 'लायक' ठरवलेला नव्हता. यंत्र बनवणाऱ्याने तिच्या लायकीची चौकशी केली नाही. ती चौकशी पंधरा-सोळा वर्षांनी, शांततेच्या काळात आणि जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात सुरू झाली.

कोल्फच्या यंत्राची अडचण अशी होती की प्रत्येक वेळी नवी धमनी आणि नवी शीर उघडावी लागायची. काही वेळा डायलिसिस केलं की हातापायांत जागाच उरायची नाही. त्यामुळे ज्याची किडनी तात्पुरती बंद पडली आहे त्यालाच त्याचा उपयोग व्हायचा. किडनी कायमची गेलेल्या माणसाला डॉक्टर घरी पाठवायचे. १९६० साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरने टेफ्लॉनची यू आकाराची नळी हातातच कायमची बसवायची युक्ती काढली. बोइंग कंपनीत यंत्रकामगार असलेल्या क्लाइड शील्ड्स याला मार्च १९६० मध्ये ती बसवली आणि तो पुढे अकरा वर्षं जगला. कायमची किडनी गेलेला माणूस आठवड्यातून ठरावीक दिवस यंत्रावर बसून वर्षानुवर्षं जगू शकतो, हे त्या दिवसापासून सिद्ध झालं.

आणि त्याच दिवसापासून प्रश्न उभा राहिला. यंत्र मूठभर, खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात, आणि मरणारे हजारो. जानेवारी १९६२ मध्ये सिएटलमध्ये जगातलं पहिलं बाह्यरुग्ण डायलिसिस केंद्र सुरू झालं, तेव्हा खाटा होत्या तीन. आधी डॉक्टरांच्या मंडळाने वैद्यकीय चाळणी लावली. वय ४५ च्या आत पाहिजे, लहान मुलं नकोत, दुसरा मोठा आजार नको. तरीही माणसं जास्त उरली. मग तिथल्या वैद्यकीय संघटनेने सात जणांची एक समिती नेमली. त्यात एक वकील, एक धर्मगुरू, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार नेता आणि एक सर्जन होता. त्यांची नावं गुप्त होती. उमेदवार त्यांच्यासमोर येत नसत, फक्त त्यांची कागदपत्रं येत.

नोव्हेंबर १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात शाना अलेक्झांडर या पत्रकार बाईने त्या समितीवर मोठा लेख लिहिला, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं की आत काय तपासलं जातं. वय, स्त्री की पुरुष, लग्न झालंय का, किती माणसं अवलंबून आहेत, उत्पन्न किती, मालमत्ता किती, शिक्षण किती, धंदा कुठला, मन स्थिर आहे का, भविष्यात समाजाला काय उपयोग होईल. चर्चमध्ये नियमित जातो का, याचीही दखल घेतली जायची. लोकांनी या समितीला 'देवांची समिती' असं टोपणनाव दिलं.

तिच्यावर पुढे बरीच टीका झाली. १९६८ साली एका मनोविकारतज्ज्ञाने आणि एका कायद्याच्या प्राध्यापकाने लिहिलेला लेख फार गाजला. त्यांचं म्हणणं असं की मध्यमवर्गीय समितीने मध्यमवर्गीय माणसं वाचवली. हेन्री थोरोसारखा चौकटीबाहेरचा माणूस किडनीचा आजार घेऊन त्या भागात गेला असता तर मेलाच असता. म्हणजे समितीतल्या माणसांना आपल्यासारखाच माणूस जगण्यालायक वाटला. त्यांच्या मनात कुणाबद्दल द्वेष असण्याची गरजच नव्हती.

इथे आपल्या चळवळीतल्या मित्रांनी थोडं थांबावं. आपण आयुष्यभर एक शब्द ऐकत आलो आहोत, 'मेरिट'. प्रवेशाच्या रांगेत, नोकरीच्या मुलाखतीत, चहाच्या टपरीवर. सिएटलच्या समितीचा शब्द होता 'सामाजिक मूल्य'. दोन्ही शब्द एकाच कारखान्यातले आहेत. माणसाला आधी जे मिळालं, म्हणजे शिक्षण, जमीन, ओळखी, स्थिर घर, त्याचंच मोजमाप करायचं आणि ते त्याच्या अंगचा गुण म्हणून पुन्हा त्याच्याच पदरात टाकायचं. ज्याला आधी मिळालं नाही, त्याला याच कारणाने आताही मिळणार नाही. आपल्याकडे हे काम एका ग्रंथाने आणि हजारो वर्षांच्या रूढीने केलं, तिकडे सात सभ्य माणसांनी टेबलाभोवती बसून केलं. फरक एवढाच की त्यांच्या बैठकीत कुणाला तरी आत शिरून बातमी काढता आली.

ती व्यवस्था मोडली कशी, हे आपल्यासाठी जास्त कामाचं आहे. डॉक्टरांचं हृदयपरिवर्तन होऊन ती मोडली नाही. रुग्ण संघटित झाले. ४ नोव्हेंबर १९७१ रोजी शेप ग्लेझर नावाचा रुग्ण, डायलिसिसवरच्या रुग्णांच्या राष्ट्रीय संघटनेचा उपाध्यक्ष, अमेरिकन संसदेच्या समितीसमोर साक्षीला गेला आणि खासदारांसमोरच यंत्राला जोडून घेऊन त्याने डायलिसिस करून दाखवलं. ते काही मिनिटंच चाललं, पण पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७२ मध्ये, किडनी निकामी झालेल्या जवळपास प्रत्येकाचा खर्च सरकारी विमा उचलेल असा कायदा झाला. १ जुलै १९७३ पासून तो लागू झाला. समितीचं काम संपलं. (योगायोग म्हणा, पण १९७२ हे मुंबईत दलित पँथर उभी राहिल्याचंही वर्ष आहे.)

कायदा झाल्यावर यंत्रावर कोण आलं, हे बघण्यासारखं आहे. १९६० च्या दशकात डायलिसिसवरचे रुग्ण प्रामुख्याने गोरे, पुरुष, शिकलेले, लग्न झालेले होते. सत्तरचं दशक संपता संपता जवळपास निम्म्या बायका होत्या आणि साधारण एक तृतीयांश काळे लोक होते. अमेरिकेत काळ्या लोकांमध्ये किडनी निकामी होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. ती माणसं आधीही आजारी होती, पण ती कुठल्याच यादीत दिसत नव्हती, कारण यादीच्या दारापर्यंत येण्याआधीच ती मरत होती. 'तुमच्या लोकांना हा आजार होत नाही, झाला असता तर रुग्णालयात दिसला असता' असं आपल्या भागातल्या एखाद्या अधिकाऱ्याने सांगितलं तर हे उदाहरण लक्षात असू द्या.

बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं होतं, हे आपल्याला माहीत आहे. त्या साम्याचा पुढचा अध्याय किडनीच्या प्रयोगशाळेत लिहिला गेला. तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

किडनी किती टक्के चालते हे थेट मोजता येत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन, वय, स्त्री की पुरुष यांवरून एका सूत्राने अंदाज काढतात. रिपोर्टवर 'ईजीएफआर' असं लिहिलेलं असतं ते हेच. १९९९ साली जे सूत्र आलं आणि २००९ साली जे सुधारून आलं, त्या दोन्हींमध्ये एक जादा गुणक होता. रुग्ण काळा असेल तर उत्तर आणखी १६ ते २१ टक्क्यांनी वाढवायचं. कारण काय, तर काळ्या लोकांच्या अंगात स्नायू जास्त असतात म्हणून क्रिएटिनिन जास्त येतं. कातडीचा रंग विचारायचा आणि गुणायचं, शास्त्र झालं!

याचा हिशोब करून बघा. एका माणसाचं उत्तर १८ आलं. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीवर वेळ मोजायला सुरुवात २० किंवा त्याखाली आकडा आला की होते. गोरा असेल तर त्याचं घड्याळ सुरू झालं. काळा असेल तर १८ चे १६ टक्के वाढवून जवळपास २१ होतात, म्हणजे अजून 'बरा आहे'. नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवण्याचा उंबरठाही असाच आकड्यावर ठरतो. म्हणजे ज्या समाजात आजार जास्त, त्याच समाजाला तज्ज्ञाकडे उशिरा पाठवायचं आणि यादीत उशिरा घालायचं, हे काम वीस वर्षं एक सूत्र करत होतं. कुठल्याही डॉक्टरच्या मनात वंशभेद नसला तरी ते होत होतं.

यावर आवाज उठवला तो मोठ्या प्रमाणात वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि काळ्या डॉक्टरांनी. २०२१ साली अमेरिकेतल्या किडनीतज्ज्ञांच्या संयुक्त कृती गटाने वंशाचा गुणक काढून टाकलेलं नवं सूत्र वापरा असं सांगितलं. २०२३ पासून तिथल्या प्रत्यारोपण यंत्रणेने प्रत्येक केंद्राला जुन्या याद्या तपासायला लावल्या आणि ज्या काळ्या रुग्णांचं घड्याळ गुणकामुळे उशिरा सुरू झालं त्यांना मागची तारीख द्यायला लावली. हजारो लोकांचा प्रतीक्षेचा काळ दुरुस्त झाला. झालेला अन्याय मागच्या तारखेपासून मोजून भरून देता येतो, याचं हे अलीकडचं उदाहरण आहे. भरपाई आणि आरक्षण म्हणजे 'दुसऱ्याच्या वाट्याचं घेणं' असं म्हणणाऱ्यांशी वाद घालताना ते वापरता येईल.

आता आपल्या देशात येऊ. आपल्याकडे यशस्वी किडनी प्रत्यारोपणाची सुरुवात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाली, म्हणजे तंत्रज्ञानात आपण फार मागे नव्हतो. पण अमेरिकेत ज्या वर्षात सरकारने खर्च उचलला, त्या वर्षात आणि पुढची कित्येक दशकं आपल्याकडे खर्च रुग्णानेच उचलला. त्याचा परिणाम असा झाला की भारतात किडनीचा बाजार उभा राहिला. चेन्नईच्या विल्लीवाक्कम भागाला लोक 'किडनीवाक्कम' म्हणायला लागले, इतक्या जणांनी तिथे किडन्या विकल्या. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा याच बाजाराला आळा घालण्यासाठी आला. पण कायद्यानंतरही बाजार चालू राहिला. २००२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात चेन्नईतल्या ३०५ विक्रेत्यांचा अभ्यास छापून आला. ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. विकल्यानंतर त्यांच्या कुटुंबाचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने कमी झालं आणि बहुतेक जण अजूनही कर्जातच होते. ८६ टक्के लोकांनी तब्येत खालावल्याचं सांगितलं.

म्हणजे आपल्याकडे गरिबाला यंत्रावर जागा मिळत नव्हतीच, वर त्याच्याच पोटातून श्रीमंताची किडनी येत होती. सिएटलच्या समितीला हे सुचलं नव्हतं.

घरातल्या दानाबद्दलही बोललं पाहिजे, कारण तिथे आपण इतरांपेक्षा वेगळे नाही. भारतात जिवंत दात्यांमध्ये बायका फार जास्त आहेत आणि किडनी मिळणाऱ्यांमध्ये पुरुष. आई देते, बायको देते, बहीण देते. बाईची किडनी गेली की घर म्हणतं, बघू. बुद्धविहारात समतेवर भाषण करणाऱ्या घरांतही मी हे पाहिलेलं आहे. याचा दोष मनुस्मृतीवर टाकून मोकळं होता येणार नाही.

२०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. त्या भाषणातले आकडे बघण्यासारखे आहेत. दरवर्षी किडनी पूर्ण निकामी झालेले सुमारे २.२ लाख नवे रुग्ण, त्यांना लागणारी डायलिसिसची सत्रं ३.४ कोटी, आणि देशात केंद्रं साधारण ४,९५०, तीही बहुतेक खाजगी आणि मोठ्या शहरांत. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ सत्रं, एका सत्राला दोन हजार रुपये धरले तर वर्षाला तीन लाखांच्या वर. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा बुडालेला दिवस यात धरलेला नाही. स्वतः सरकारने संसदेत मांडलेला हिशोब आहे हा. जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस सुरू झालं ही चांगली गोष्ट आहे आणि तिचं श्रेय द्यायला हरकत नाही. आपल्या राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते, तिच्यातही डायलिसिस आणि प्रत्यारोपण येतं.

मग समिती गेली का? मला वाटतं ती फक्त दिसेनाशी झाली. आपल्याकडच्या समितीत एक सभासद आहे अंतर, म्हणजे आठवड्यातून तीन वेळा चाळीस-पन्नास किलोमीटर एसटीने जाऊ शकता का. दुसरा आहे कागद, म्हणजे रेशनकार्डावर नाव आहे का, आधारवर नाव तेच आहे का, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला या वर्षीचा आहे का. तिसरा आहे ओळख. घरात, नात्यात, शेजारी कुणी डॉक्टर आहे का, ज्याला रात्री फोन करून 'क्रिएटिनिन दहा म्हणजे काय' असं विचारता येईल. सवर्ण मध्यमवर्गीय कुटुंबाला हा तिसरा सभासद फुकट मिळालेला असतो. आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीला तो नसतो. जातीचं भांडवल म्हणतात ते कधीकधी एका फोननंबरएवढं असतं.

आणि चौथा सभासद म्हणजे तो तज्ज्ञ स्वतः. नेफ्रॉलॉजिस्ट व्हायला एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम करावं लागतं. एमबीबीएस आणि एमडीला आरक्षण आहे. डीएम, एमसीएच या अतिविशेष अभ्यासक्रमांना नाही. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अतिविशेष वैद्यकीय पदांचा उल्लेख आरक्षण योग्य न ठरणाऱ्या जागांमध्ये केला, १९९९ च्या प्रीती श्रीवास्तव निकालात या पातळीवर प्रवेशासाठी आरक्षण नको असं म्हटलं, आणि २०१३ मध्ये एम्सच्या प्राध्यापकांच्या प्रकरणात तीच भूमिका पुढे आली. कारण पुन्हा तेच, गुणवत्ता. म्हणजे ज्या टोकावर आपला माणूस चिठ्ठी घेऊन उभा आहे, त्याच्या समोरच्या खुर्चीपर्यंत आपली मुलं पोहोचण्याची वाटही शेवटच्या जिन्यावर बंद केलेली आहे. हा विषय आपल्या विद्यार्थी संघटनांनी नीट शिक्यांच्या आकडेवारीसह उचललेला नाही. उचलला पाहिजे.

आजार मुळात होतो का, यातही जातीचा आणि श्रमाचा हिशोब आहे. मधुमेह आणि रक्तदाब ही मोठी कारणं आहेतच. पण अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांमधून किडनीच्या रुग्णांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. तिथलं भूजल खारट आहे. आजाराशी त्याचा नेमका संबंध किती यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, पण गोडं पाणी विकत घेणं कुणाला परवडतं आणि कुणाला नाही यावर दुमत व्हायचं कारण नाही. मध्य अमेरिकेत उन्हात ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांच्या किडन्या मधुमेह नसताना निकामी होतात, हे आता जगभर मान्य झालं आहे. आपले ऊसतोड कामगार आणि वीटभट्टीवरचे मजूर यांची अशी तपासणी कोण करणार? अंग दुखतं म्हणून रोज मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेऊन कामावर जाणं हीसुद्धा किडनीला इजा करणारी गोष्ट आहे, आणि ती गोळी घेण्याची वेळ कुणावर येते ते सांगायला नको. विदर्भात सिकलसेल आहे. १९५८ सालीच नागपूरच्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली होती. तोही पुढे किडनी बिघडवतो. अमेरिकेत ब्लॅक पँथरने १९७१ पासून वस्त्यांमध्ये सिकलसेल तपासणीची मोहीम स्वतः चालवली होती, सरकारची वाट न बघता. आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात उड्डानम भागात किडनीच्या आजाराने गावंच्या गावं पोखरली, लोकांनी अनेक वर्षं आवाज उठवला, तेव्हा २०२३ मध्ये पलासा इथे किडनी संशोधन केंद्र आणि रुग्णालय उभं राहिलं. खारपाणपट्ट्यासाठी अशी एकमुखी मागणी अजून उभी राहायची आहे.

'मागच्या जन्माचं पाप' हे वाक्य अजूनही डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर ऐकू येतं, आपल्या माणसांच्या तोंडूनही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत का नाकारला, याचं कारण अशा ठिकाणी उभं राहिल्यावर कळतं. आजार पूर्वकर्माने झाला म्हटलं की पाणी, गोळी, ठेकेदार आणि सरकार सगळेच सुटतात. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या आजारविम्याचा अडारकर अहवाल त्याच काळातला, १९४४ चा. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारी कामगाराला दया नको, हप्ता भरून मिळवलेला हक्क हवा, हा त्यामागचा विचार आहे.

त्या हक्काचा वापर मात्र आपण कमी करतो. आपल्या कितीतरी सफाई कामगार, सुरक्षारक्षक आणि कंत्राटी कामगारांच्या पगारातून ईएसआय कापला जातो आणि त्यांच्याकडे कार्डच नसतं. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. घरात किडनीचं निदान झालं की आधी पगाराची पावती बघा, विमा क्रमांक मागा, ठेकेदाराने भरणा केलाय का तपासा. खाजगी धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ कक आणि २००६ ची उच्च न्यायालयाची योजना त्यासाठी आहे. बिलांतल्या दोन टक्क्यांचा निर्धन रुग्ण निधीही असतो. 'खाट शिल्लक नाही' असं सांगितलं तर ते लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात घेऊन जा. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक असतो, योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. त्यांना भेटल्याशिवाय पैसे भरू नका.

दोन वैद्यकीय गोष्टी कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवाव्यात. मुतखडा काढणारा युरोलॉजिस्ट आणि किडनी वाचवणारा नेफ्रॉलॉजिस्ट हे वेगळे डॉक्टर आहेत, चुकीच्या दारात आठवडे जातात. आणि डायलिसिस लागणार असं दिसत असेल तर हातात फिस्टुला आधीच करून घ्यावा लागतो. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी धमनी आणि शीर जोडण्याची ही साधी शस्त्रक्रिया शोधली, तिने स्क्रिब्नरची नळी मागे टाकली. ती तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. उशिरा पोहोचलेल्या रुग्णाच्या मानेत नळी घालावी लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्ग होऊन माणसं जातात. ज्या हातात फिस्टुला करायचा त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका, असं नर्सला सांगायचं धाडस घरच्यांना आपणच द्यायचं असतं.

१४ एप्रिलला आपण प्रत्येक वस्तीत आरोग्य शिबिर घेतो. रक्तदाब मोजतो, साखर तपासतो, चष्मे वाटतो. त्यात सीरम क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रथिनाची तपासणी घालायला फार खर्च येत नाही. चाळिशीच्या पुढचे सगळे, मधुमेह-रक्तदाबवाले सगळे, ऊसतोड आणि वीटभट्टीवरून आलेले सगळे यांची नावं वहीत घ्या आणि ज्यांचा आकडा वाढलेला आहे त्यांना पुढच्या आठवड्यात सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयात जा. ती वही पुढच्या वर्षी पुन्हा उघडा.